सर दिनकरराव राजवाडे : ग्वाल्हेरचे दिवाण, बडोद्याचे न्यायाधीश



गेल्या हिवाळ्यात आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आम्ही फूलबागेजवळच्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर गेलो होतो. मुलांनी फुले वाहिली, फलक वाचला, फोटो काढले. परतीच्या वाटेवर एका विद्यार्थिनीने विचारले की राणीसाहेब ग्वाल्हेरला आल्या तेव्हा आपले महाराज आग्र्याला का निघून गेले, आणि त्यांचे दिवाण मराठी असूनही राणीच्या बाजूला का नव्हते. प्रश्न अगदी सरळ होता. बसमध्ये दोन मिनिटांत त्याचे उत्तर देणे आम्हांला बरे वाटले नाही. पत्रिकेत सविस्तर लिहू, असे त्या वेळी सांगितले होते. ते दिवाण म्हणजे सर दिनकरराव राजवाडे. त्यांचे चरित्र नीट वाचले तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, पण ते एका ओळीत बसत नाही. म्हणून आज या पानावर जरा जास्त जागा घेत आहोत. विश्वस्त मंडळींनी सांभाळून घ्यावे.

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. वडिलांचे नाव रघुनाथराव. घराणे चित्पावन, आणि पूर्वजांपासून शिंद्यांच्या चाकरीत असलेले. आपल्यापैकी पुष्कळ घरांची कथा अशीच आहे. कोणी कारकून म्हणून आले, कोणी शिलेदार, कोणी पुजारी, आणि मग चंबळेच्या या मुलखातच मुळे रुजली. दिनकररावही वयाच्या पंधराव्या वर्षी ग्वाल्हेर दरबारच्या हिशेब खात्यात लागले. आज त्या वयाचा मुलगा दहावीच्या परीक्षेच्या धास्तीत असतो. हा मुलगा जमाखर्चाच्या वह्या लिहीत होता. इंग्रजी त्यांना येत नव्हते. ती भाषा शिकायला त्यांनी चाळिशीत सुरुवात केली आणि शेवटपर्यंत त्यांना ती सफाईने बोलता आली नाही. (हे वाक्य आम्ही पालकांसाठी मुद्दाम लिहिले आहे.)

वडिलांच्या पश्चात तंवरघार भागाची सुभेदारी त्यांच्याकडे आली. तंवरघार म्हणजे आजच्या मुरैना जिल्ह्यातला अंबाहकडचा प्रदेश, तोमर ठाकुरांचा, चंबळेच्या बेहडांचा. हा भाग सांभाळणे सोपे कधीच नव्हते. सारा वसूल करायचा म्हणजे बरोबर फौज घेऊन जायचे, अशी रीत पडलेली. दिनकररावांनी तिथली पोलीस व्यवस्था आणि महसुलाचे काम नव्याने बसवले. इतक्या अवघड मुलखाची घडी ज्याने बसवली त्याच्याकडे दरबारचे लक्ष जाणारच.

त्या वेळी राज्याची स्थिती काय होती, हे थोडे सांगायला हवे. १८४३ साली जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या तरुण राणी ताराबाई यांनी आठ-नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तेच पुढे जयाजीराव महाराज. कारभार कोणी पाहायचा यावरून दरबारात तट पडले, फौज शिरजोर झाली, आणि इंग्रजांना आत शिरायला निमित्त मिळाले. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. जानेवारी १८४४ च्या तहाने दरबारची स्वतःची फौज कमी केली गेली, आणि मुरार येथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक मोठी फौज बसवली गेली. तिचा खर्च मात्र ग्वाल्हेरने सोसायचा, त्यासाठी मुलूख तोडून द्यायचा. या फौजेला ग्वाल्हेर कंटिन्जंट म्हणत. सात पायदळ पलटणी, घोडदळ आणि तोफखाना असा तिचा थाट होता. ही फौज ध्यानात ठेवावी, तिचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

खजिना रिकामा, काम गेलेले शिपाई गावोगाव हिंडत असलेले, शेतकऱ्यांवर नाना तऱ्हेचे कर, अशा अवस्थेत १८५२ च्या सुमारास दिनकरराव दिवाण झाले. वय होते बत्तीस-तेहतीस. त्यांनी काय केले याची यादी मोठी आहे. त्यातले मुख्य सांगतो. रयतेला नागवणारे अनेक कर बंद केले. कारभाराचे नियम लेखी बांधून दिले. ते दस्तूर-उल्-अमल या नावाने ओळखले जातात. त्यामुळे कोणत्या अंमलदाराचे काम काय आणि अधिकार किती, हे कागदावर आले. त्याआधी ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर असे. सार्वजनिक बांधकामे काढली. आणि खर्च आटोक्यात आणण्यासाठी पगार कमी केले. या कपातीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण त्यात दिवाणांचा स्वतःचा पगारही होता. तूट भरून निघाली आणि शिल्लक पडू लागली. मोठ्या पदावरच्या माणसाने काटकसर आधी स्वतःच्या पानावरून सुरू करावी, हे तेव्हाही दुर्मीळ होते.

अर्थात पगार कापणारा माणूस कोणालाच आवडत नसतो. जुन्या सरदार मंडळींना हा कोकणातला हिशेबनीस डोईजड वाटे. तरुण महाराजही मनाचे हट्टी होते. त्यांना घोडे, कवायत आणि फौज यांचा विलक्षण नाद. दिवाण आणि महाराज यांचे नेहमी पटेच असे नाही. तरी १८५७ पर्यंत घडी टिकली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

मे १८५७ मध्ये मीरत आणि दिल्ली येथे उठाव झाला. १४ जून रोजी, रविवारी, मुरारच्या छावणीत ग्वाल्हेर कंटिन्जंट उठली. कित्येक इंग्रज अधिकारी मारले गेले. जे वाचले ते, आणि पोलिटिकल एजंट मॅक्फर्सन, महाराजांच्या मदतीने चंबळ ओलांडून आग्र्याला पोचले. मॅक्फर्सन यांचा आणि दिनकररावांचा आधीपासून चांगला परिचय होता. आता ग्वाल्हेरात इंग्रज कोणी उरला नाही. हजारो शिपाई, तोफांसह, महाराजांच्या दारात उभे होते आणि महाराजांनी पुढे होऊन आग्र्यावर किंवा दिल्लीवर चालून जावे, अशी त्यांची मागणी होती. ग्वाल्हेरहून आग्रा किती दूर आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आज गाडीने दोन-तीन तास लागतात. आग्र्याच्या किल्ल्यात इंग्रज बायकापोरांसह कोंडून बसले होते. ही फौज त्या जूनमध्ये तिथे पोचली असती तर उत्तर हिंदुस्थानातले चित्र बदलले असते, असे इंग्रज इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे.

महाराज आणि दिवाण यांनी तिला पोचू दिले नाही. लढून नव्हे, कारण लढण्याइतकी भरवशाची फौज त्यांच्याजवळ नव्हती. पगार देत राहायचे, आज-उद्या करत राहायचे, पावसाळा आणि भरलेली चंबळ यांची सबब सांगायची, एका पलटणीचे मन दुसरीपासून वेगळे ठेवायचे. असे करत जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरात दिल्ली पडली. त्यानंतर कुठे ही फौज हलली, तात्या टोपे यांच्या नेतृत्वाखाली काल्पीकडे गेली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस तिने कानपुरात इंग्रजांना चांगलेच मागे रेटले. तिची ताकद खोटी नव्हती. पण तिची वेळ ग्वाल्हेरातच निघून गेली होती.

हे दिनकररावांनी का केले? आमचे मत सांगतो, ते कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ते हिशेबनीस होते. महाराजपूर-पनिहारनंतर राज्याची काय दशा झाली ती त्यांनी जवळून पाहिली होती, आणि ती निस्तरण्यात स्वतःची उमेदीची वर्षे घातली होती. इंग्रज अखेर जिंकणार असा त्यांचा अंदाज होता. जिंकल्यावर विरुद्ध गेलेल्या संस्थानाचे काय होईल, हे त्यांना झाशी आणि नागपूर खालसा झाल्यापासून दिसत होते. तो अंदाज खरा ठरला. पण अंदाज खरा ठरला म्हणून वाट योग्य ठरते, असे आम्ही मुलांना शिकवणार नाही. त्याच शहरात, त्याच दरबाराच्या चाकरीत, खजिन्याचा अधिकारी असलेल्या अमरचंद बांठिया यांनी पुढच्या वर्षी खजिना राणीच्या फौजेसाठी खुला केला आणि त्यासाठी ते फासावर गेले. सराफा बाजारातले त्यांचे स्मारक आपण येता-जाता पाहतो. एकाच राज्याचे मीठ खाणाऱ्या दोन माणसांनी दोन वाटा धरल्या.

मे १८५८ च्या अखेरीस, काल्पी हातची गेल्यावर, रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले. दिनकररावांचा सल्ला असा होता की सर ह्यू रोज यांची फौज येईपर्यंत थांबावे, आपण होऊन हल्ला करू नये. आपल्याच फौजेवर त्यांचा विश्वास नव्हता. महाराजांनी तो सल्ला बाजूला ठेवला आणि १ जून रोजी मुरारच्या पूर्वेला बहादूरपूर येथे सामना दिला. दिवाणांची भीती तंतोतंत खरी झाली. फौज बहुतेक सारी समोरच्या बाजूला मिळाली. अंगरक्षक तेवढे लढले. महाराज धोलपूरमार्गे आग्र्याला गेले आणि दिनकररावही तिकडेच गेले. पुढचे अठरा-वीस दिवस ग्वाल्हेरात पेशव्यांचा झेंडा होता. कोटा की सराय येथे राणी पडल्या, त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले, आणि २० जूनपर्यंत शहर व किल्ला इंग्रजांनी परत घेतला. महाराज परत गादीवर बसले. किल्ला मात्र इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला, आणि तो शिंद्यांना परत मिळायला १८८६ साल उजाडले. इमानाची ही किंमत दिनकररावांनीही पाहिली.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. दिनकररावांना या इमानाचे फळ मिळाले. जमीन मिळाली, वंशपरंपरेचा राजा हा किताब मिळाला, १८६६ मध्ये सर ही पदवी मिळाली. हे लपवून चरित्र लिहिता येणार नाही. ग्वाल्हेरात मात्र त्यांचे दिवस भरत आले होते. सल्ला न ऐकल्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला तो सल्लागार रोज समोर नकोसा होतो, हा माणसाचा स्वभावच आहे. डिसेंबर १८५९ मध्ये दिनकररावांनी दिवाणगिरी सोडली. चाळीस वर्षे पुरी होत होती.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. १८६१ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात प्रथमच हिंदी सभासद घेतले गेले. १८६२ मध्ये जे पहिले तिघे बसले त्यांत पतियाळाचे महाराज नरेंद्रसिंह, काशीचे राजा देवनारायणसिंह आणि तिसरे आपले दिनकरराव होते. पहिले दोघे राजघराण्यातले, तिसरा हिशेब खात्यातून वर आलेला. १८७३ मध्ये धोलपूरच्या अल्पवयीन राण्यांचे पालकत्व त्यांच्याकडे आले, पण प्रकृती साथ देईना म्हणून ते त्यांनी लवकरच सोडले. आता हा माणूस निवृत्त होऊन स्नानसंध्येत दिवस काढणार असे कोणालाही वाटले असते.

आणि मग बडोदा आले.

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये गादीवर आले. त्यांचा कारभार चांगला नव्हता, याबद्दल फारसे दुमत नाही. १८७३ मध्ये चौकशीसाठी एक समिती नेमली गेली. तिचे प्रमुख होते कर्नल रिचर्ड मीड. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर आणि महाराज यांचे हाडवैर होते. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण झाले, पण रेसिडेंटने त्यांनाही काम करू दिले नाही. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फेअर फिरून आले, नेहमीप्रमाणे पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेले ओतून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत तो सोमल आणि हिऱ्याची पूड निघाला. संशय महाराजांवर गेला. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली, आणि त्यांची चौकशी करण्यासाठी सहा जणांचे कमिशन बसले.

हे सहा जण कोण, ते पाहू. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच. त्यांच्याबरोबर सर रिचर्ड मीड आणि मेल्व्हिल हे दोन इंग्रज. हिंदी सभासदांत जयपूरचे महाराज रामसिंह, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव, आणि सर दिनकरराव. सोळा वर्षांपूर्वी दुरावलेले राजा आणि दिवाण आता एका ओळीत, एकाच दर्जाने, न्यायाच्या आसनावर बसले. आणि मीड म्हणजे तेच, ज्यांनी १८५९ मध्ये तात्या टोपे यांना पकडले आणि शिवपुरीला फाशी दिले. सहांपैकी तिघांचे संबंध असे आपल्या या भागाशी होते.

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी काम सुरू झाले. मल्हाररावांच्या वतीने सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील विलायतेहून आले. सरकारच्या बाजूने स्कोबल होते. साऱ्या देशाचे डोळे बडोद्याकडे लागले होते, कारण एका गादीवरच्या राजाला आरोपी म्हणून बसवलेले लोकांनी कधी पाहिले नव्हते. सरकारचा पुरावा मुख्यतः तिघांच्या तोंडचा होता. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी, जमादार नरसू, आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत. तिघेही स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे या कटात सामील. रावजी आणि दामोदरपंत यांना तर माफीचे आश्वासन मिळालेले. बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत त्यांच्या जबान्यांतल्या गाठी एकेक करून सोडवल्या.

आमच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना यातला पेच लगेच कळेल. गुन्ह्यात सामील असलेला माणूस स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेतो, तेव्हा त्याच्या शब्दाला बाहेरचा आधार हवा. कागद हवा, किंवा त्या कटाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. रेसिडेन्सीच्या नोकरांशी संधान बांधून, पैसे देऊन बातम्या काढणे हा एक आरोप होता. विष घालवणे हा दुसरा, आणि तो फार वेगळ्या वजनाचा. पहिला खरा मानला तरी दुसरा आपोआप सिद्ध होत नाही.

तिघा इंग्रजांनी मल्हाररावांना दोषी ठरवले. जयपूरच्या महाराजांनी निर्दोष मानले. जयाजीराव आणि दिनकरराव यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला नाही असे मत दिले. तीन विरुद्ध तीन.

आता दिनकररावांची बाजू नीट पाहा. ज्या सरकारने त्यांना जमीन, किताब, पदवी दिली त्याच सरकारने त्यांना या आसनावर बसवले होते. सरकारला काय हवे आहे हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. शिवाय मल्हाररावांविषयी त्यांना ममत्व असण्याचे काहीच कारण नव्हते. ज्याने स्वतः राज्याचा पैनपै जपला त्याला बडोद्याच्या उधळपट्टीचा तिटकाराच असणार. होकार देणे सोपे होते. निर्दोष म्हणणेही त्यांनी टाळले. समोर ठेवलेल्या पुराव्यातून जेवढे निघते तेवढेच त्यांनी लिहिले. हिशेबाच्या वहीत जी रक्कम जमा दिसत नाही ती मालकाच्या खुशीसाठी लिहायची नाही, ही पंधराव्या वर्षापासूनची सवय इथे उपयोगी पडली असे आम्हांला वाटते. १८५७ मध्ये याच सवयीने त्यांना इंग्रजांच्या बाजूला नेले, आणि १८७५ मध्ये इंग्रजांच्या विरुद्ध.

मल्हाररावांची गादी मात्र वाचली नाही. कमिशनचा निकाल दुभंगलेला, म्हणून सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे केले आणि एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. तिथेच ते १८८२ मध्ये वारले. बडोद्याच्या गादीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक लहान मुलगा दत्तक आला, ते सयाजीराव महाराज. आणि राज्य सावरायला आले सर टी. माधवराव, तंजावरचे मराठी. त्या काळच्या मोठ्या दिवाणांची नावे घेताना हैदराबादचे सालारजंग, हे माधवराव आणि आपले दिनकरराव अशी तीन नावे एका दमात घेतली जात. त्यांपैकी दोघे महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेले मराठी होते, ही गोष्ट आमच्यासारख्यांना थोडी सुखावते, हे कबूल करतो.

दिनकररावांत उणे नव्हते असे नाही. ते कर्मठ होते. समाजसुधारणेच्या चळवळी त्यांना मानवल्या नाहीत. १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन झाली, तिच्यापासूनही ते दूरच राहिले. त्यांच्याच जातीतले, त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान असलेले न्यायमूर्ती रानडे त्या वेळी पुण्या-मुंबईत नवी वाट घालत होते. त्या वाटेवर दिनकररावांनी पाऊल टाकले नाही.

जयाजीराव महाराज जून १८८६ मध्ये वारले. दिनकरराव त्यानंतर साडेनऊ वर्षे जगले. २ जानेवारी १८९६ रोजी, शहात्तरी पूर्ण करून, त्यांचे निधन झाले. बसमध्ये प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी आता वरच्या वर्गात गेली आहे. या अंकाची पहिली प्रत तिच्या वर्गात पाठवली आहे.